ब्लेझारचा उजेड कमी-जास्त काऊन होतो? मोबाईलवर लाइट कर्व काढून स्वतः तपासायची पूर्ण पद्धत

खेड्यात बसून करण्यासारखं खगोलशास्त्र म्हणजे ग्रहण अन् उल्कावर्षाव, एवढंच बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या गॅलॅक्सीतून निघालेला जेट, म्हणजे पदार्थाचा जोरदार झोत, मागच्या आठवड्यापेक्षा आज उजळ काऊन झाला, हे यवतमाळ-वाशिमकडच्या कोणत्याही गावात बसून, फुकटचा डेटा उतरवून, मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये लाइट कर्व, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, काढून तपासता येतं. बारावी सायन्सचं गणित पुरे होतं. लेख लांब आहे, लाइट आहे तोवर फोन चार्जिंगला लावा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. उजेड वाढला की पोट्टे लगेच म्हणतात कृष्णविवरानं काहीतरी गिळलं. असेलही, पण ते उत्तर सगळ्यात शेवटी काढायचं. आधी जेटचं तोंड कुठं आहे ते बघायचं, मग बदलाला किती वेळ लागला, मग रंग, मग रेडिओपासून गॅमापर्यंतच्या बाकी लहरी. हा क्रम सोडला की नुसत्या गप्पा होतात.

आधी वस्तू काय आहे ते

सक्रिय गॅलॅक्सीच्या मधोमध लाखो ते अब्जावधी सूर्यांएवढं वजनाचं कृष्णविवर असतं, त्याच्याभोवती तापलेल्या वायूची चकती, अन् काही गॅलॅक्सींमध्ये त्या चकतीला काटकोनात दोन बाजूंनी दोन जेट निघतात, जवळपास प्रकाशाच्या वेगानं. एम ८७ मधला जेट हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच फोटोग्राफिक प्लेटवर पाहून नोंदवला होता, नुसती सरळ रेघ म्हणून. त्याच गॅलॅक्सीच्या कृष्णविवराचा फोटो १० एप्रिल २०१९ ला जाहीर झाला, वजन साधारण ६५० कोटी सूर्य.

हाच जेट जवळजवळ आपल्या तोंडावर रोखलेला असला की त्या गॅलॅक्सीला ब्लेझार म्हणतात. यातलं नावाजलेलं उदाहरण बी.एल. लॅसर्टी, १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांना सापडलं तेव्हा ते आपल्याच आकाशगंगेतला बदलता तारा म्हणून यादीत गेलं. पुढे १९६८ मध्ये तिथंच रेडिओ स्रोत आहे हे कळलं, अन् मग हा तारा नाहीच हे उलगडलं. म्हणजे उजेड बदलतो ही गोष्ट आधी माहीत झाली, वस्तू काय आहे ते चाळीसेक वर्षांनी.

जेटचं तोंड: हे समजलं की अर्धं काम झालं

जागलीला जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. हरभऱ्याच्या वावरात रानडुकरं हाकलायला बसलं की दोन धुरे पलीकडे कोणीतरी बॅटरी घेऊन चाललेला असतो. बॅटरी खाली पायवाटेकडे असली की आपल्याला नुसता पिवळा ठिपका दिसतो, अन् त्यानं "कोण हाय रे" म्हणत हात जरासा वळवला की डोळ्यासमोर अंधारी येते अन् आपण हात आडवा धरतो. सेल तेच, बल्ब तोच, फक्त मनगट वळलं.

जेटमध्ये हेच होतं, पण झोत आरशानं नाही तर वेगानं तयार होतो. वेग प्रकाशाच्या ९९.५ टक्के असला तर लॉरेन्ट्झ फॅक्टर (वेग प्रकाशाच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) १० येतो. आता डॉप्लर फॅक्टर, म्हणजे या वेगामुळं आपल्याला उजेड अन् वेळ किती बदलून दिसतात तो आकडा, काढा: १ भागिले (१० गुणिले (१ वजा ०.९९५ गुणिले कोनाचा कोसाइन)). कोन शून्य असताना उत्तर साधारण २० येतं, ३ अंशाला १५.७, ४ अंशाला १३.५, अन् पावणेसहा अंशाला १०. आपल्याला दिसणारा उजेड या फॅक्टरच्या साधारण चौथ्या घातानं बदलतो (नेमका घात स्पेक्ट्रमवर ठरतो, अन् तुटक गोळा आहे का सलग धार आहे यावरही). मग ३ चे ४ अंश झाले, एवढ्यानंच उजेड १.८ पट पडतो. शून्यावरून पावणेसहावर गेलं की सोळा पट, म्हणजे ३ मॅग्निट्यूड (ताऱ्यांचा उजेड मोजायचं माप, पुढं सांगतो). जेटच्या आत काहीच घडलं नाही तरी.

दुसरी गोष्ट वेळेची. जेटमधला उजळ गोळा आपल्याकडे स्वतःच्याच प्रकाशाच्या मागं मागं धावत असतो म्हणून आपल्याला घटना दाबून, घाईत झालेली दिसते. लॉरेन्ट्झ अन् डॉप्लर दोन्ही १० धरले तर आपल्या एका आठवड्यात तो गोळा जवळजवळ दोन प्रकाशवर्षं पुढं गेलेला असतो. हे पहिल्यांदा वाचताना पटत नाही, कागदावर करून बघा.

कोणता ब्लेझार घ्यायचा

सगळे ३सी २७३ सांगतात, कारण तो सगळ्यात उजळ क्वेसार (चकती लय उजळ असलेली सक्रिय गॅलॅक्सी) आहे, १३ च्या आसपास मॅग्निट्यूड, अन् १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ज्याचं अंतर ओळखलं तो हाच. पण माझ्या मते शिकायला तो कंटाळवाणा आहे. त्याच्या दृश्य प्रकाशात चकतीचा उजेड भरपूर मिसळलेला असतो अन् चकती सावकाश बदलते, त्यामुळे वर्षभराचा आलेख जवळपास सपाट येतो अन् पोट्टे सोडून देतात.

बी.एल. लॅसर्टी घ्या. साधारण १४ ते १७ मध्ये खालीवर होत असतो, अन् २०२०-२१ मध्ये तो इतका पेटला होता की नोंदीतल्या सगळ्यात उजळ अवस्थेत गेला. एका रात्रीतसुद्धा हलतो. (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाश किती लालीकडे सरकला तो आकडा, जितका जास्त तितकी वस्तू दूर.) रेडशिफ्ट ०.०६९.

मार्केरियन ४२१ पण चांगला, रेडशिफ्ट ०.०३१ म्हणजे ब्लेझारांमध्ये जवळचाच, अन् १९९२ मध्ये आपल्या आकाशगंगेबाहेरून टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे लय जास्त ऊर्जेचे, गॅमा किरण पहिल्यांदा सापडले ते याच्याकडून. पण याच्या अगदी बाजूला ५१ सप्तर्षी हा सहाव्या मॅग्निट्यूडचा तारा आहे, त्याची चमक मोजमापात घुसते. शिवाय याची यजमान गॅलॅक्सी स्वतःचा न बदलणारा उजेड मिसळते, म्हणजे जेट दुप्पट झाला तरी आलेखात तेवढं दिसत नाही.

डेटा कुठून आणायचा

तीन जागा पुरतात, तिन्ही फुकट.

पहिली एएव्हीएसओ, १९११ पासून हौशी लोकांची निरीक्षणं जमा करणारी संस्था. तिथं लाइट कर्व जनरेटर आहे, वस्तूचं नाव टाका, तारखा टाका, पट्ट्यांमधून "व्ही" (हिरवट-पिवळ्या उजेडाचा फिल्टर) निवडा. सगळे फिल्टर एकदम टिकमार्क करू नका, लाल अन् निळ्या फिल्टरचे आकडे मुळातच वेगळे असतात अन् ते एकाच आलेखात टाकले की नसलेला बदल दिसतो. दुसरी फर्मी दुर्बिणीची गॅमा लाइट कर्व रिपॉझिटरी. फर्मी ११ जून २००८ ला अवकाशात गेली, साधारण दर तीन तासांनी सगळं आकाश झाडून काढते, अन् या रिपॉझिटरीत १५२५ बदलत्या स्रोतांचे आलेख तीन दिवस, आठवडा अन् महिना अशा टप्प्यांत तयार मिळतात. पावसाळा नाही, चंद्र नाही, ढग नाही. तिसरी ॲसॅस-सन, छोट्या दुर्बिणींचं जाळं, त्यांच्या स्काय पॅट्रोलमध्ये जागेचे आकडे टाकून स्वतः आलेख काढता येतो.

फाइल सीएसव्ही असते, काहीशे केबीची, टूजी नेटवर्कवर पण उतरते. साईट मात्र जड आहेत, तर दुपारी गावातलं अर्धं पब्लिक वावरात असताना उघडा.

फाइल उघडली की

पहिला कॉलम बघून घाबरू नका. २४६०६७६.५ असा काहीतरी आकडा असतो, ती ज्युलियन तारीख, हा आकडा म्हणजे १ जानेवारी २०२५, ग्रीनिचची मध्यरात्र. ज्युलियन दिवस ग्रीनिचच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. यात आपला मोठा फायदा: आपली पूर्ण रात्र एकाच आकड्यात येते, मध्ये तारीख बदलायची भानगड नाही. काही फायलींत एमजेडी असतं, ते यातून २४०००००.५ वजा केलेलं.

दुसरा कॉलम मॅग्निट्यूड, तिसरा चूक-मर्यादा. आता साफसफाई. चूक-मर्यादा ०.१ च्या वर असलेल्या ओळी बाजूला काढा (पुसू नका, वेगळ्या शीटवर टाका). "यापेक्षा मंद" अशी खूण असलेल्या ओळी काढा, ते मोजमाप नाही. फर्मीच्या आलेखात खाली तोंड केलेले बाण दिसतात, तेही तसंच, फक्त वरची मर्यादा आहे, तिथं ठिपका समजून रेघ जोडायची नाही. एकाच निरीक्षकाचे आकडे बाकीच्यांपेक्षा सारखे ०.२ वर किंवा खाली दिसले तर तो त्याच्या कॅमेऱ्याचा गुण आहे, ब्लेझारचा नाही.

अन् रिकाम्या जागा रेघ ओढून भरू नका! दरवर्षी सूर्य त्या भागात आला की दृश्य प्रकाशाचा डेटा तुटतोच. ३सी २७३ कन्या राशीत आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरला तो सूर्याआड असतो. सॉफ्टवेअर आपोआप रेघ जोडून देतं अन् मग त्या रेघेवर लोक निष्कर्ष काढत बसतात.

मॅग्निट्यूडवरून उजेड

मॅग्निट्यूड उलटं चालतं, आकडा कमी म्हणजे उजेड जास्त, तर आलेखाचा उभा अक्ष उलटा करा. पण खरं गणित उजेडाच्या पटीत करायचं. सूत्र: १० चा घात (०.४ गुणिले मॅग्निट्यूडमधला फरक). समजा सोमवारी १४.२ होतं अन् बुधवारी १३.४. फरक ०.८, त्याला ०.४ नं गुणलं की ०.३२, दहाचा तेवढा घात २.०९. म्हणजे दोन दिवसांत दुप्पट. एवढा एक आकडा, "दुप्पट व्हायला लागलेला वेळ", सगळ्या फायलीतून शोधून काढा. सगळ्यात कमी वेळ ज्या जागी येतो तिथं पेन्सिलनं खूण, पण त्या जागी निदान तीन-चार ठिपके पाहिजेत, दोनच असतील तर सोडून द्या.

वेळेवरून आकार: हा खरा मजेदार भाग

कोणतीही वस्तू तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाश जायला जेवढा वेळ लागतो त्याहून लवकर एकसाथ उजळू शकत नाही, म्हणजे उजळली तरी आपल्याला ते पसरट होऊन दिसेल. तर आकाराची वरची मर्यादा अशी: प्रकाशाचा वेग गुणिले दुप्पट व्हायचा वेळ गुणिले डॉप्लर फॅक्टर, भागिले (१ अधिक रेडशिफ्ट).

प्रकाश एका दिवसात साधारण २,५९० कोटी किलोमीटर जातो. आपल्या वरच्या उदाहरणात दोन दिवस, डॉप्लर १० धरा, रेडशिफ्ट ०.०६९. उत्तर येतं साधारण ४८,५०० कोटी किलोमीटर, म्हणजे जेमतेम एकोणीस प्रकाशदिवस. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षांच्या आसपास रुंद. तर दोन दिवसांत जे दुप्पट झालं ते अख्खी गॅलॅक्सी नाही, अख्खा जेटसुद्धा नाही, त्यातला एक चिमूटभर भाग आहे. हे एकदा स्वतः आकडे टाकून काढलं ना, की मग "गॅलॅक्सी चमकली" असं बातमीत वाचताना हसू येतं.

आता ताणून बघू. जुलै २००६ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचा गॅमा उजेड दोनशे सेकंदांच्या आसपास वाढताना पकडला. डॉप्लर सोडून हिशोब केला तर सहा कोटी किलोमीटर, सूर्य-पृथ्वी अंतराच्या निम्म्याहून कमी. पण असल्या ब्लेझारचं कृष्णविवर शंभर कोटी सूर्यांचं धरलं तर त्याची नुसती त्रिज्या ३०० कोटी किलोमीटर होते. म्हणजे चमकणारा भाग कृष्णविवरापेक्षा लहान! यातून सुटायला डॉप्लर फॅक्टर ५० तरी धरावा लागतो, किंवा मग असं मानावं लागतं की मोठ्या जेटच्या आत एखादा छोटा भाग आणखीनच जोरात आपल्याकडे सुटला. यावर अजून वाद चालू आहे, अन् मला तरी दुसरं जास्त पटतं.

मग कारण कोणतं? एकेक तपासा

जेटचा उजेड दोन प्रकारे बनतो हे आधी डोक्यात ठेवा. चुंबकीय क्षेत्रात गरगरणारे इलेक्ट्रॉन रेडिओपासून दृश्य प्रकाशापर्यंत, कधी एक्स-रेपर्यंत, सिंक्रोट्रॉन किरण देतात. तेच इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या प्रकाशकणांना धडका देऊन त्यांना गॅमापर्यंत नेतात. इलेक्ट्रॉन जितका जास्त ऊर्जेचा तितका लवकर थंडावतो.

*तोंड वळलं असेल तर* सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या प्रमाणात, सावकाश, महिने-वर्षांच्या हिशोबानं वाढतात अन् रंग फारसा बदलत नाही. व्ही अन् आर (लाल) दोन्ही फिल्टरचे त्याच रात्रीचे आकडे घ्या, वजाबाकी करा, ती स्थिर राहिली तर पहिला संशय कोनावर.

*धक्कालहर असेल तर* वेगळं दिसतं. जेटमधून निघणारा माल एकसारख्या वेगाचा नसतो, मागून जोरात आलेला पुढच्या हळू मालावर आदळतो, तिथं इलेक्ट्रॉन नव्यानं तापतात. मार्शर अन् गियर यांनी १९८५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. यात आधी गॅमा अन् दृश्य प्रकाश वाढतो, रेडिओ आठवडे-महिन्यांनी मागून येतो, कारण आतल्या भागातून रेडिओ लहरी बाहेरच पडत नाहीत, गोळा पुढं जाऊन पातळ झाला की मग दिसतात. बी.एल. लॅसर्टीसारख्या वस्तू उजळताना बहुतेक वेळा निळसर होतात, ताज्या तापलेल्या इलेक्ट्रॉनमुळं. चकती मोठी असलेल्या क्वेसारांत उलटं दिसू शकतं, उजळताना लालसर, कारण तिथं चकतीचा निळा उजेड आधीपासून असतो अन् जेटचा लाल त्यावर चढतो. वस्तूचा प्रकार न बघता रंगावरून कारण सांगू नका, इथंच जास्त गडबड होते.

ध्रुवण (प्रकाशलहरी किती एकाच दिशेत कंप पावतात ते) मोजलेलं असेल तर आणखी पक्कं. मार्केरियन ५०१ या ब्लेझारमध्ये आयएक्सपीई उपग्रहानं मोजलेलं एक्स-रेचं ध्रुवण दृश्य प्रकाशाच्या साधारण दुप्पट निघालं, २०२२ चं हे काम. एक्स-रे देणारे इलेक्ट्रॉन धक्क्याच्या अगदी जवळच थंडावतात, तिथं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत असतं. दूर गेलं की विस्कटतं. धक्कालहरीच्या बाजूनं हा चांगला पुरावा आहे.

*चुंबकीय रेषा तुटून जुळल्या* तर छोटे, अतिजलद भडके, मिनिटांचे. वरच्या पीकेएस प्रकरणात बरेच जण हेच धरतात. *नुसती खळबळ* असेल तर रात्रभर बारीक थरथर, काही ठाम आकार नाही. असल्या एका रात्रीतल्या बदलांवर नैनितालच्या एरीजमधल्या एक मीटरच्या दुर्बिणीवरून लय काम झालेलं आहे.

*खालून माल जास्त आला*, म्हणजे कृष्णविवराचा खुराक वाढला, हे म्हणायला वर्षांचा आलेख पाहिजे अन् चकतीच्या उजेडातही आधी बदल दिसला पाहिजे. एका भडक्यावरून नाही.

अन् कधी कधी फक्त गॅमा वाढतो, दृश्य प्रकाश ढिम्म हलत नाही. याला सोपं उत्तर कोणाकडेच नाही. सगळ्या भडक्यांना एकच कारण लावायचं नाही, एकाच ब्लेझारमध्ये दोन महिन्यांत दोन वेगळी कारणं असू शकतात.

जेटशी संबंधच नसलेले बदल

रेडिओत काही तासांत होणारा चढउतार बऱ्याचदा आपल्याच आकाशगंगेतल्या वायूमुळं येणारी लुकलुक असते. दृश्य प्रकाशात चंद्र, धूर, अन् ढगाचा पातळ पडदा. आपल्याकडे वणवे अन् पऱ्हाट्या जाळायचा हंगाम आला की आकाश दिसायला साफ पण एक-दोन दशांश मॅग्निट्यूड खाऊन टाकतं. तुलनेचा तारा (ज्याचा उजेड स्थिर अन् माहीत आहे असा) त्याच फोटोत घेतला तर हे बरंचसं आपोआप कटतं, कारण धूर दोघांवर सारखाच.

ठराविक काळानं परत येतं, असं वाटलं तर

सगळ्यात मोठा सापळा हा. ओजे २८७ या ब्लेझारचा रेकॉर्ड जुन्या प्लेटांमुळं १८८० च्या दशकापासूनचा आहे अन् त्यात साधारण बारा वर्षांनी मोठे भडके दिसतात. त्यावरून १८०० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराभोवती दुसरं लहान कृष्णविवर फिरतं अन् चकती फोडून जातं असं मॉडेल बनलं. २०१९ चा भडका भाकितावर बरोबर सापडला, स्पिट्झर दुर्बिणीनं पकडला. पण ऑक्टोबर २०२२ चा सांगितलेला भडका दिसला नाही, अन् दुसऱ्या गटानं कृष्णविवर दहा कोटी सूर्यांच्या आसपासचंच आहे म्हटलं. पीजी १५५३+११३ या ब्लेझारमध्ये गॅमात २.२ वर्षांची चाल दिसते, ती जास्त फेऱ्या टिकून आहे म्हणून लोक गंभीरपणे घेतात.

ब्लेझारचा बदल मुळात असा असतो की लांब काळाचे चढउतार मोठे अन् छोट्या काळाचे बारीक. असल्या गोंगाटात दोन-तीन फेऱ्या निव्वळ योगायोगानं दिसतातच. स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडे घ्या, प्रत्येक ओळीत मागच्या बेरजेत नवा आकडा मिळवत जा, पाचशे ओळींचा आलेख काढा. दहा वेळा रिफ्रेश करा. निदान दोनदा तरी "अरे ही तर चाल आहे" वाटेल. त्यामुळं पाच पूर्ण फेऱ्यांच्या आत तोंड उघडू नका.

स्वतःच्या डोळ्यानं बघायचं असेल तर

आठ इंची दुर्बीण अन् अंधारं आकाश पाहिजे. ३सी २७३ फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत, विदर्भातून मध्यावर आला की सत्तर अंशांच्या आसपास उंच. बी.एल. लॅसर्टी पावसाळा संपला की, ऑक्टोबर ते डिसेंबर, उत्तरेकडे तेवढाच उंच, पण तो भडकलेला असेल तेव्हाच डोळ्यानं बघायच्या भानगडीत पडा, नाहीतर कॅमेरा लावा. एएव्हीएसओवरून नकाशा काढा, त्यावर ताऱ्याशेजारी १२६ लिहिलं असेल तर ते १२.६, दशांशचिन्ह मुद्दाम वगळलेलं असतं कारण ते ताऱ्याच्या ठिपक्यासारखं दिसतं. एक तुलनेचा तारा ब्लेझारपेक्षा उजळ, एक मंद, दोघांच्या मध्ये कुठं बसतो ते ठरवा. आधीचा अंदाज बघून नवा लिहू नका. नोंदवहीत वेळ ग्रीनिचची, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, अन् रात्री ओलितासाठी मोटर चालू करायला जायचं असेल तर निघायच्या आधीच लिहून टाका.

निरीक्षक कोड एएव्हीएसओच्या साईटवर खातं उघडलं की फुकट मिळतो, मेंबरशिप घ्यायची गरज नाही. आकडा पाठवताना तुलनेच्या दोन्ही ताऱ्यांचे नंबर अन् नकाशाचा क्रमांक टाका, ढग किंवा चंद्र असेल तर त्याच्या खुणेचा रकाना भरा. अन् त्या आठवड्याचा फर्मीचा आलेख पण उघडून बघा, गॅमातही उठाव दिसला तर पुढचे पंधरा दिवस रोज रात्री मोजमाप घ्या.